पडद्यावर विमान दिसतंय, पण ते खरंच तिथे आहे का?

आधी प्रश्न थोडक्यात मांडतो. दोघा मित्रांचं मिळून एक दोन आसनी मायक्रोलाइट (अगदी हलकं विमान) आहे, उड्डाण कोल्हापूरच्या आसपास. मोड एस ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमानाची ओळख आणि उंची रेडिओवरून कळवणारं उपकरण, आधीपासून बसवलेला आहे. आता त्यांनी १०९० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ट्रान्सपॉन्डर ज्यावर बोलतात त्या फ्रिक्वेन्सीवर, ऐकणारा छोटा ट्रॅफिक रिसीव्हर घेतलाय. ट्रॅफिक म्हणजे आजूबाजूची विमानं. त्याला सिरियल आउटपुट आहे आणि वाय-फायही. सिरियलची वायर पॅनेलवरच्या डिजिटल डिस्प्लेला जोडली, तर तिथे ट्रॅफिकचा डेटा येत नसल्याचा संदेश दिसतो. वाय-फायवरून टॅबवर मात्र विमानं दिसतात. पण त्यातलं एक विमान कायम आपल्याच डोक्यावर, +०३ (म्हणजे तीनशे फूट वर) असं लिहिलेलं, आणि जमिनीवर उभं असतानाही ते हटत नाही. शिवाय उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, उतरायला आलेलं एटीआर हे प्रवासी विमान डोळ्यांना उजवीकडे दिसत होतं आणि टॅबवर डाव्या हाताला. विचारलंय की नेमकी कुठली वायर चुकली, की बॉक्सच खराब आहे?

बॉक्स बहुतेक चांगला आहे. टॅबवर विमानं येतायत याचा अर्थ अँटेना, रिसीव्हर आणि आतला जीपीएस आपापलं काम करतायत. तुमच्याकडे एक नाही, तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. पॅनेलवर काही न येणं ही त्यातली सगळ्यात सोपी, कारण ती लगेच दिसते. उरलेल्या दोन जास्त गंभीर आहेत. पडदा कोरा असेल तर वैमानिक बाहेर बघतो. पडद्यावर विमान चुकीच्या जागी दिसत असेल तर तो चुकीच्या बाजूला बघत बसतो. या क्षेत्रात मी बरीच वर्षं वायरिंग आणि बेंच टेस्टिंग करतोय, आणि नव्या माणसाला मी आधी हेच सांगतो: जोडणी चालू झाली म्हणजे काम झालं असं समजू नका, डिस्प्ले जे दाखवतोय ते खरं आहे का ते तपासा.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमच्या डिस्प्लेचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मेनूतलं नेमकं नाव मी सांगू शकत नाही. विमानाची कागदपत्रं कुठल्या प्रकारची आहेत त्यावर परवानगीचा भाग ठरतो. हातात धरलेला टॅब वेगळा, आणि पॅनेलच्या मागे कायमची वायर टाकणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तुमच्या ए.एम.ई.ला (विमान देखभाल अभियंत्याला) आधी विचारा, काम झाल्यावर नाही. तो नोंद कशी करायची ते सांगेल, आणि पॅनेलमागे कुठल्या वायरला हात लावायचा नाही तेही.

आता पॅनेलकडे वळू. दोन उपकरणं सिरियलवर बोलायची तर व्होल्टेज, वेग आणि भाषा या तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बहुतेक जण वेगापासून सुरुवात करतात. मी व्होल्टेजपासून करतो, कारण ते दोन मिनिटांत कळतं आणि चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं.

रिसीव्हर चालू करा, पॅनेलकडे जाणारी वायर सुटी ठेवा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावा, काळी प्रोब रिसीव्हरच्या ग्राउंडला आणि लाल प्रोब टीएक्सच्या, म्हणजे डेटा पाठवणाऱ्या, वायरला. आकडा उणे पाच ते उणे नऊच्या आसपास थोडा हलता दिसला तर ते आरएस-२३२, म्हणजे सिरियलची जुनी प्रमाणित पद्धत, आहे. पॅनेलवरच्या बहुतेक डिस्प्लेंना तेच हवं असतं. आकडा अधिक तीनच्या जवळपास किंवा पाचच्या थोडा खाली आला तर तो टीटीएल पातळीचा, म्हणजे चिपमधून थेट येणारा कमी व्होल्टचा, सिग्नल आहे. स्वस्त आणि घरी जुळवलेल्या रिसीव्हरमध्ये हे नेहमी आढळतं. आरएस-२३२ मध्ये लाइन शांत असताना उणे असते आणि टीटीएलमध्ये अधिक, म्हणजे दोघांचा अर्थच उलटा. असा सिग्नल थेट जोडला तर डिस्प्लेला एकही अक्षर कळत नाही. मध्ये मॅक्स ३२३२ चिपचा छोटा कन्व्हर्टर टाकावा लागतो. उलट दिशेची चूक जास्त महागात पडते: डिस्प्लेच्या आरएस-२३२ टीएक्सचे उणे व्होल्ट टीटीएल रिसीव्हरच्या आरएक्सवर (डेटा घेणाऱ्या पिनवर) गेले तर तो पिन जळू शकतो. म्हणून सुरुवातीला रिसीव्हरचा टीएक्स ते डिस्प्लेचा आरएक्स आणि दोघांचा ग्राउंड, एवढ्या दोनच वायर जोडा. ट्रॅफिक दिसायला परतीची वायर सहसा लागत नाही.

ग्राउंडची वायर बरेच जण सोडून देतात, दोन्ही उपकरणं एकाच बॅटरीवर आहेत म्हणून. मायक्रोलाइटच्या नळ्यांच्या सांगाड्यात किंवा फायबरच्या बॉडीत हा भरवसा धरू नका. सिग्नलच्या वायरसोबत ग्राउंड गेलाच पाहिजे. आणि बॉक्सला नेटवर्क केबलसारखं चौकोनी सॉकेट असेल तर त्यात चुकूनही कॉम्प्युटरची नेटवर्क केबल घालू नका. ग्लायडरच्या दुनियेतून आलेल्या उपकरणांमध्ये त्याच सॉकेटमधून बारा व्होल्टचा पुरवठा जातो. पिनांचे क्रमांकही डावीकडून मोजलेत की उजवीकडून, यात दोन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत फरक असतो. आकृतीवर विसंबू नका, प्रत्येक पिन मीटरने ओळखा.

व्होल्टेज जुळलं की वेग. रिसीव्हरचा टीएक्स यूएसबी-सिरियल अडॅप्टरवरून लॅपटॉपला लावा आणि साधा टर्मिनल प्रोग्रॅम उघडा. विचित्र चिन्हांचा कचरा आला तर बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, चुकलाय. दोन-चार वेग बदलून पाहा, एका ठिकाणी डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या स्वच्छ ओळी दर सेकंदाला यायला लागतील. तोच वेग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये टाका. ‘आधी जीपीएस इथेच जोडला होता, तो ४८०० वर चालायचा’ असं म्हणून वेग तसाच ठेवणारे पुष्कळ आहेत. हिशेब करून बघा. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणून ४८०० बॉड म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. त्यात जीपीएसच्या दोन ओळी दीडशेच्या आसपास अक्षरं खातात, रिसीव्हरची स्वतःची अवस्था सांगणारी ओळ पन्नासेक. उरलेल्या जागेत एका विमानाला साठ-सत्तर अक्षरं धरली तर चारच विमानं बसतात. पाचवं आलं की ओळी तुंबायला लागतात आणि जुनी माहिती नवी म्हणून दिसते. १९२०० वर सेकंदाला १९२० अक्षरं जातात, म्हणजे वीसहून जास्त विमानांना जागा. समोरासमोर येणारी दोन विमानं शंभर-शंभर नॉट्सने उडत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे शंभर मीटरने कमी होतं. तीन सेकंदांची शिळी माहिती म्हणजे तीनशे मीटरची चूक.

तिसरी गोष्ट भाषा, आणि तुमच्या उरलेल्या दोन तक्रारींचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हलक्या विमानांत सध्या दोन भाषा जास्त चालतात. एक फ्लार्मची. फ्लार्म ही ग्लायडरांसाठी स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली यंत्रणा. तिची ओळ मी वर म्हटलं तशी डॉलरने सुरू होते, मग पीएफएलएए ही अक्षरं आणि स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे. समजा ०, −८००, १५००, १२० असं आलं. पहिला शून्य म्हणजे धोक्याची सूचना नाही. मग ते विमान तुमच्यापासून दक्षिणेला ८०० मीटर, पूर्वेला १५०० मीटर आणि १२० मीटर वर आहे. म्हणजे त्या विमानाच्या जागेतून तुमची जागा वजा करायचं काम रिसीव्हरने आधीच केलेलं असतं. दुसरी भाषा जीडीएल ९०. वाय-फायवरून टॅबवर येतं ते सहसा हेच, यूडीपी या नेटवर्क पद्धतीच्या ४००० क्रमांकाच्या पोर्टवर. तिच्यात दर सेकंदाला एक हार्टबीट (‘मी चालू आहे’ असा संदेश), एक स्वतःच्या विमानाचा संदेश आणि प्रत्येक दुसऱ्या विमानाचा एकेक संदेश असतो. विमानांच्या प्रत्येक संदेशात अक्षांश, रेखांश आणि प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून काढलेली उंची). इथे वजाबाकी टॅब करतो. चूक कुठे शोधायची हे या फरकावर ठरतं. पॅनेल आणि टॅब एकाच बॉक्सवर चालत असूनही दोघांवर वेगवेगळे आकडे दिसू शकतात.

आता डोक्यावरचं विमान. ते तुमचंच आहे. तुमचा ट्रान्सपॉन्डर १०९० वर बोलतो, रिसीव्हर ते ऐकतो आणि दुसरं कुणी जवळ आहे असं समजतो. ते घालवायला तुमच्या ट्रान्सपॉन्डरचा चोवीस बिटांचा आयकाओ पत्ता, म्हणजे प्रत्येक विमानाचा वेगळा ओळख क्रमांक, रिसीव्हरमध्ये टाकावा लागतो. भारतातल्या विमानांचे पत्ते हेक्साडेसिमलमध्ये ८००००० ते ८३एफएफएफएफ या पट्ट्यात येतात. म्हणजे तुमचा पत्ता ८० ते ८३ पैकी कशाने तरी सुरू व्हायलाच हवा. तसा नसेल तर कुणीतरी तोच आकडा दशमान किंवा ऑक्टलमध्ये लिहिलाय, किंवा बॉक्समध्ये कंपनीचा मूळ आकडा तसाच राहिलाय. ट्रान्सपॉन्डरमधला पत्ता आणि नोंदणीच्या कागदावरचा पत्ता एकच आहे ना, हेही या निमित्ताने बघून घ्या.

पण हे भूत घालवण्याआधी थांबा, ते तुम्हाला एक मोलाची गोष्ट सांगतंय. विमान तेच, उंची तीच, तर आकडा शून्य यायला हवा. +०३ म्हणजे तीनशे फुटांचा फरक कुठून आला? ट्रान्सपॉन्डर प्रेशर अल्टिट्यूड पाठवतो, म्हणजे १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून मोजलेली उंची. तुमच्या बॉक्समध्ये दाबाचा सेन्सर नसावा, म्हणून स्वतःची उंची म्हणून तो जीपीएसची उंची पुढे पाठवत असणार. जीपीएसची मूळ उंची समुद्रसपाटीपासून नसते, ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून मोजलेली असते. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ मीटरहून जास्त खाली आहे. म्हणजे ही दुरुस्ती न केलेला जीपीएस तुम्हाला सुमारे दोनशे फूट कमी उंचीवर दाखवतो. त्यात त्या दिवशीचा क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबात आणलेला हवेचा दाब) १०१० च्या आसपास असेल तर एका हेक्टोपास्कलला अठ्ठावीस-तीस फूट धरून आणखी नव्वदेक फूट. झाले तीनशे. पावसाळ्यात दाब आणखी उतरला की हा आकडा वाढेल. ट्रान्सपॉन्डरला उंची देणाऱ्या एन्कोडरमध्येही थोडी चूक असू शकते, म्हणून हा माझा अंदाज आहे. पण एवढा जवळ जुळतोय की मी आधी हेच तपासेन.

याचा उड्डाणात अर्थ असा, की जे विमान खरोखर तुमच्याच पातळीवर आहे ते टॅबवर तीनशे फूट वर दिसेल, आणि जे तीनशे फूट खाली आहे ते तुमच्या पातळीवर. तुम्ही मान वर करून शोधाल आणि ते समोरून येत असेल. उपाय म्हणजे रिसीव्हरला खरी प्रेशर अल्टिट्यूड द्यायची: दाबाचा सेन्सर असलेला बॉक्स घ्या, किंवा डिस्प्लेच्या एअर डेटामधून (हवेच्या दाबावरून मोजलेल्या उंची-वेगाच्या माहितीतून) ती रिसीव्हरकडे पाठवता येते का ते पाहा. त्यासाठी मात्र परतीची वायर लागेल, आणि वरची व्होल्टेजची चाचणी पुन्हा करावी लागेल. ते जमल्यावर आणि पत्ता टाकण्याआधी ते भूत ±०० दाखवतंय ना, एवढं बघून घ्या. उंची जुळल्याचा याहून सोपा पुरावा नाही.

दिशेची तक्रार त्यामानाने साधी आहे. ट्रॅफिक उत्तर-पूर्व हिशेबात येतं, आणि तुमचं नाक कुठे आहे त्याप्रमाणे ते फिरवायचं काम डिस्प्ले करतो. नाक कुठे आहे हे बहुतेक टॅब जीपीएसच्या ट्रॅकवरून, म्हणजे विमान जमिनीच्या हिशेबात ज्या दिशेला सरकतंय त्यावरून, ठरवतात. विमान उभं असताना ट्रॅकला अर्थच नसतो. जीपीएस शेवटचा धरून ठेवतो, किंवा काहीही दाखवतो. म्हणून उभं राहून घेतलेली दिशेची चाचणी ग्राह्य धरू नका. सरळ रेषेत टॅक्सी करत असताना बघा, किंवा टॅब नॉर्थ-अपवर (उत्तर कायम वरच्या बाजूला) ठेवून बघा. नॉर्थ-अपमध्येही बाजू चुकली तर मात्र खरी गडबड आहे.

हवेतही ट्रॅक आणि हेडिंग (नाकाची दिशा) एक नसतात. ऐंशी नॉट्सने उडताना वीस नॉट्सचा आडवा वारा असेल तर नाक चौदा अंशांनी वाऱ्याकडे वळलेलं असतं. वैमानिक दिशा घड्याळाच्या भाषेत सांगतात, सरळ समोर म्हणजे बारा; त्या हिशेबात हा जवळजवळ अर्धा तास. डिस्प्लेला ‘बारा वाजता’ म्हणायचं असतं ते तुमच्या काचेतून साडेअकराला किंवा साडेबाराला असतं. पॅनेलच्या डिस्प्लेला स्वतःचा मॅग्नेटोमीटर (होकायंत्राचं काम करणारा सेन्सर) असेल तर तो हेडिंग वापरून हे सुधारू शकतो, टॅब सहसा सुधारत नाही. पॅनेलची जोडणी पूर्ण करा म्हणून मी आग्रह धरतोय त्याचं हे एक कारण.

सगळीच विमानं आपली जागा सांगत नाहीत, तेही लक्षात असू द्या. काही ट्रान्सपॉन्डर फक्त उंची आणि कोड पाठवतात. अशा वेळी रिसीव्हर सिग्नलच्या ताकदीवरून अंतराचा अंदाज बांधतो आणि दिशा रिकामी ठेवतो. फ्लार्मच्या ओळीत पूर्वेचा रकाना कोरा आणि उत्तरेच्या रकान्यात ते अंदाजी अंतर असं येतं. चांगला डिस्प्ले त्याभोवती वर्तुळ काढतो. कच्चा डिस्प्ले कोऱ्या रकान्याला शून्य समजून ते विमान सरळ उत्तरेला काढतो. तुमचा डिस्प्ले यातलं काय करतो ते माहितीपत्रकात शोधा. उत्तर सापडलं नाही तर बिनदिशेचं ट्रॅफिक बंद ठेवून फक्त आवाजाची सूचना घ्या. तसंही इंटरकॉममध्ये आवाजाची सूचना जोडायला मी प्रत्येकाला सांगतो, कारण वैमानिकाचे डोळे बाहेर राहायला हवेत.

अँटेना आणि वायरबद्दल थोडक्यात. १०९० ची पाव लांबीची अँटेना जेमतेम सात सेंटिमीटर असते. ती उभी हवी, कार्बन फायबरच्या आत नको, ट्रान्सपॉन्डरच्या अँटेनापासून जमेल तेवढी लांब हवी. पुरवठ्याला स्वतंत्र फ्यूज, तोही बॅटरीच्या बाजूला. वायर विमानाच्या दर्जाचीच घ्या. बाजारातली साधी पीव्हीसी वायर जळली तर कॉकपिट धुराने भरतं. रेडिओवर घरघर वाढली तर आधी यूएसबी चार्जरवर संशय घ्या. टॅबवर मधेच ट्रॅफिक गायब होत असेल तर अँड्रॉइडमध्ये ‘या वाय-फायला इंटरनेट नाही’ म्हणून तो मोबाइल डेटावर उडी मारतोय का ते बघा. आयपॅड असेल तर अ‍ॅपला लोकल नेटवर्कची परवानगी दिलीय का ते तपासा.

डिस्प्लेमध्ये उंचीचा फिल्टर जरूर लावा. आपल्या डोक्यावरून मुंबई-बंगळूरची विमानं तीस हजार फुटांच्या वरून सतत जात असतात, ती पडद्यावर हवीत कशाला? मी वर-खाली तीन-साडेतीन हजार फूट ठेवतो. पण चाचणीच्या दिवशी फिल्टर काढून टाका, तेव्हा हीच विमानं फुकटात चाचणीचं ट्रॅफिक देतात.

आणि एक गोष्ट प्रश्नात नव्हती, तरी सांगतो. हा बॉक्स फक्त ऐकतो. तो बसवल्याने तुम्ही कुणालाही दिसायला लागत नाही. एटीआरमधला टीकॅस, म्हणजे टक्कर टाळायची यंत्रणा, १०३० वर विचारतो आणि १०९० वर आलेल्या उत्तरावर चालतो. तुमचा ट्रान्सपॉन्डर बंद असेल, किंवा उंची पाठवत नसेल, तर त्या वैमानिकाला वर चढ किंवा खाली उतर असा सल्ला त्याची यंत्रणा देऊ शकत नाही. १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर सौदी अरेबियाचं बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६ हवेत धडकून ३४९ माणसं गेली. टीकॅससारखी यंत्रणा भारतात सक्तीची झाली ती त्यानंतर. ट्रान्सपॉन्डर अल्टिट्यूड मोडवर ठेवणं हा तुमच्या बाजूचा वाटा आहे, आणि नव्या बॉक्सइतकंच लक्ष त्याच्या ठरलेल्या तपासणीकडे द्या. उलट बाजूने, पॅराग्लायडर, ड्रोन, घारी आणि ट्रान्सपॉन्डर नसलेलं दुसरं मायक्रोलाइट यातलं काहीच तुमच्या पडद्यावर येणार नाही. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरामागे खालून उडणारं विमानही येणार नाही, कारण १०९० सरळ रेषेतच चालतं. पडदा कोरा आहे म्हणून नजर आत आणू नका, आणि नुसत्या पडद्यावरच्या खुणेवरून वळण घेऊ नका. आधी ते विमान डोळ्यांनी शोधा.

तर कामाचा क्रम असा धरा: टीएक्सचं व्होल्टेज, मग लॅपटॉपवर ओळी, मग डिस्प्लेचा वेग आणि भाषा, मग भुताच्या आकड्यावरून उंची, मग पत्ता टाकून भूत बंद, आणि शेवटी टॅक्सी करताना दिशा. क्रम बदललात तर उंची तपासायचं साधन आधीच हातचं जाईल. टीएक्सवर आलेला आकडा अधिक की उणे, लॅपटॉपवर आलेल्या पहिल्या दोन ओळी, डिस्प्लेचं मॉडेल आणि त्या दिवशीचा क्यूएनएच एवढं लिहून कळवा, म्हणजे पॅनेलमधलं नेमकं सेटिंग सांगतो.